नायट्रीन: एक नॅनोसेकंद जगणारी गोष्ट आहे, हे कशावरून?

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ९:१२

सांगलीत एमएस्सीच्या मुलांना सेंद्रिय रसायन शिकवते. मंगळवारी फळ्यावर फेनिल अझाइड, म्हणजे बेंझिनच्या कड्याला जोडलेले तीन नायट्रोजन, काढलं, त्यावर प्रकाश पडताना दाखवला, नायट्रोजनचा रेणू बाहेर काढला आणि उरलं त्याला नायट्रीन म्हणून चौकट केली. तास संपल्यावर तासगावकडची एक विद्यार्थिनी थांबली. म्हणाली, "मॅडम, हे बाटलीत मिळत नाही, कुणी तोललेलं नाही. मग ते आहे हे कशावरून? का बाणांचा हिशेब जुळावा म्हणून मधे घातलंय?"

तिची एसटी सुटायची वेळ झाली होती. "पुढच्या तासाला सांगते" म्हणून मी तिला पाठवलं. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. इतकी वर्षं शिकवते आहे आणि इतक्या सरळ शब्दांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून हा धागा.

आधी ओळख. नायट्रोजनला एरवी तीन बंध असतात आणि भोवती आठ इलेक्ट्रॉन. नायट्रीनमध्ये त्याच्याकडे एकच बंध असतो आणि भोवती सहाच इलेक्ट्रॉन. विद्युतभार नाही, पण भूक प्रचंड. शेजारचा कार्बन-हायड्रोजन बंध असो, दुहेरी बंध असो, स्वतःचंच बेंझिनचं कडं असो, जे हाताशी येईल त्यात तो घुसतो.

नायट्रीन बनवायची रुळलेली वाट अझाइडमधून जाते. अझाइडमध्ये तीन नायट्रोजन एका ओळीत असतात. प्रकाश किंवा उष्णता मिळाली की टोकाचे दोन नायट्रोजन वायू होऊन निघून जातात, तिसरा मागे राहतो. फेनिल अझाइड पीटर ग्रीसनं १८६४ मध्येच बनवलं होतं. पुढे १८९१ मध्ये टीमाननं लॉसेन पुनर्रचना (रेणूतला एक गट कार्बनवरून नायट्रोजनवर सरकतो ती अभिक्रिया) समजावताना मधे अशी एखादी जात असावी असं सुचवलं. पण फेनिल नायट्रीनचं सिंगलेट रूप द्रावणात थेट दिसलं ते १९९७ मध्ये. मधली शंभर वर्षं लोक कशाच्या भरवशावर बोलत होते, हाच त्या मुलीचा प्रश्न आहे. इथे या विषयात काम केलेले कुणी असतील तर लिहा. हा धागा मी तिला वाचायला देणार आहे.

---

विश्रामबाग_७ | शनिवार, रात्री ९:५०

मॅडम, मी बीएस्सीनंतर रसायन सोडलं, बँकेत आहे. पण धागा वाचून जुनं सगळं वर आलं. सिंगलेट आणि ट्रिपलेट हे आम्ही नुसतं पाठ केलं होतं. एकदा सोप्या भाषेत सांगाल का? आणि नॅनोसेकंद म्हणजे नक्की किती, याचाही अंदाज येत नाही.

---

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री १०:२५

सांगते. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. एक बंधात गेला, चार उरले. त्यातले दोन खालच्या कक्षकात जोडीनं बसतात. राहिलेल्या दोघांपुढे जवळजवळ सारख्याच ऊर्जेचे दोन कक्षक असतात. दोघं वेगवेगळ्या कक्षकांत बसले आणि दोघांचा स्पिन एकाच बाजूला असला, तर ट्रिपलेट. स्पिन एकमेकांच्या उलट असले, तर सिंगलेट. ट्रिपलेट जास्त स्थिर. साध्यातलं साधं नायट्रीन म्हणजे एक नायट्रोजन आणि एक हायड्रोजन, एनएच. त्यात हा फरक मोलमागे सुमारे ३६ किलोकॅलरी आहे. फेनिल नायट्रीनमध्ये तो १८ च्या आसपास येतो. कार्बनचा भाऊबंद मिथिलीन, त्यात फक्त ९.

वागणूकही वेगळी. सिंगलेट एका झटक्यात काम उरकतो. ट्रिपलेट दोन हप्त्यांत: आधी एक बंध, मग थांबून दुसरा. हे लक्षात ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागेल.

वेळेचं असं. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, शाळेतल्या फूटपट्टीएवढा. दुसऱ्या बाजूनं बघा: नॅनोसेकंद ताणून एका सेकंदाएवढा केला, तर आपला एक सेकंद साडेएकतीस वर्षांहून लांब होईल. सिंगलेट फेनिल नायट्रीन खोलीच्या तापमानाला साधारण एक नॅनोसेकंद टिकतं.

---

विट्याचा_पोरगा | रविवार, पहाटे १:०५

मॅडम, नमस्कार. मूळचा विट्याचा, सध्या जर्मनीत. पीएचडीत याच प्रकारच्या रेणूंना थंड करून बघायचं काम केलं, त्यामुळे धागा बघितल्यावर झोप लागेना.

तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, पुरावा गोळा करायच्या दोन वाटा आहेत. एक, स्वतः तेवढं वेगवान व्हायचं. दुसरी, त्याला थांबवायचं. मी दुसऱ्या वाटेवरचा.

अरगॉन वायूत अझाइडची वाफ अगदी थोडी मिसळायची, हजाराला एक या मापात. निर्वात पेटीत सीझियम आयोडाइडची खिडकी असते, ती १० केल्व्हिनपर्यंत थंड केलेली, म्हणजे उणे २६३ अंश. त्यावर वायू सोडला की अरगॉनचा बर्फ होतो आणि अझाइडचा एकेक रेणू त्यात अडकतो. मग अतिनील दिवा लावायचा. अझाइड फुटतं, नायट्रीन तयार होतं, पण त्याला हलता येत नाही आणि शेजारी सगळा अरगॉन, जो कुणाशी काही करत नाही. त्यात ते तासन्‌तास राहतं. निवांत बसून त्याचा अवरक्त वर्णपट घ्यायचा.

मी लहानपणी आजोबांबरोबर हरिपूरला हळदीची पेवं बघितलीत. जमिनीखाली खोल, तोंड मातीनं लिंपलेलं, आत हवा नाही, कीड नाही. हळद वर्षानुवर्षं तशीच. पहिल्यांदा क्रायोस्टॅट, म्हणजे ही थंड पेटी, उघडून दाखवला तेव्हा मला तेच आठवलं होतं.

ट्रिपलेटचा सगळ्यात ठोस पुरावा १९६२ चा आहे. बेल लॅबच्या स्मोलिन्स्की, वॉसरमन आणि येगर यांनी अझाइड गोठवलं, प्रकाश टाकला आणि इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स घेतला. दोन इलेक्ट्रॉन एकाच अणूवर समांतर स्पिननं बसले असतील तर ज्या ठिकाणी रेषा यायला हवी, तिथे ती आली. हा बाणांचा हिशेब राहत नाही. चुंबकीय क्षेत्रात उभं राहून रेणू स्वतः उत्तर देतो.

१९७८ मध्ये चॅपमन आणि लरू यांनी फेनिल अझाइड अरगॉनमध्ये ठेवून प्रकाश टाकला आणि अवरक्त वर्णपटात १८९५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास एक ठळक पट्टा पाहिला. तो नायट्रीनचा नव्हताच, सात अणूंच्या कड्याचा होता. त्यावर उद्या लिहितो, इथे रात्र झाली आहे.

---

नेट_सेट_२ | रविवार, सकाळी ८:४०

एक शंका. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये हॉफमन, कर्टिअस आणि लॉसेन या तिन्ही पुनर्रचना 'नायट्रीनमार्गे' म्हणून दिल्यात. मागच्या प्रश्नपत्रिकेतही तसाच पर्याय होता. मग पुरावा वगैरे शोधायची गरज काय? अॅसिल अझाइड तापवलं, नायट्रीन झालं, गट सरकला, आयसोसायनेट झालं. मिळालेलं आयसोसायनेट हाच पुरावा नाही का?

---

कुपवाडकर | रविवार, सकाळी ९:३०

नाही. मी वीस वर्षं कारखान्यात काढली, त्यातली सहा कर्टिअसच्या पायरीवर. तापवून केलेल्या कर्टिअसमध्ये मोकळं नायट्रीन होत नाही. नायट्रोजन बाहेर पडणं आणि गट सरकणं एकाच वेळी चालतं. हॉफमन आणि लॉसेनचंही तसंच. नोट्स चुकीच्या आहेत. परीक्षेत काय लिहायचं ते मॅडम सांगतील, पण हे डोक्यात चुकीचं बसू देऊ नका.

---

कृष्णाकाठची | रविवार, सकाळी ११:१५

कुपवाडकर बरोबर सांगतात. या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फक्त आयसोसायनेट मिळालं यावरून ते नायट्रीनमधून आलं असं म्हणता येत नाही. दोन शक्यता आहेत. एक: अझाइड, मग नायट्रीन, मग आयसोसायनेट, अशी साखळी. दुसरी: अझाइडमधून थेट आयसोसायनेट, आणि नायट्रीन झालंच तर वेगळ्या फाट्यानं. यातली खरी कोणती, ते ठरवायचं कसं?

१९६० च्या दशकात ल्वोव्हस्की यांच्या गटानं पिव्हॅलॉइल अझाइड या अॅसिल अझाइडवर हा प्रयोग केला. प्रकाश टाकला की आयसोसायनेट मिळतं, सुमारे ४० टक्के. त्याच द्रावणात सायक्लोहेक्झीनसारखा सापळा ठेवला तर नायट्रीन त्याच्या दुहेरी बंधात अडकतं आणि तीन अणूंचं अझिरिडीन कडं मिळतं. म्हणजे प्रकाशात नायट्रीन होतं, हे नक्की. आता खरी गंमत बघा. सापळा ठेवा, बदला, काढून टाका, आयसोसायनेट तेवढंच राहतं. सुमारे ४० टक्के.

शेतातलं उदाहरण घेते. वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्याला पाणी जात असेल, तर वरचं दारं मोडून पाणी दुसरीकडे वळवल्यावर खालचा वाफा कोरडा पडायला हवा. तो तेवढाच भिजत राहिला, तर त्याला पाणी दुसऱ्याच पाटानं येतंय. इथे नायट्रीन सापळ्यात गेलं तरी आयसोसायनेट कमी होत नाही. म्हणून ते नायट्रीनमधून येत नाही. उष्णतेनं केलेल्या कर्टिअसमध्ये तर सापळ्यात काहीच सापडत नाही.

नेट_सेट_२, परीक्षेत असा पर्याय आला तर 'एकाच वेळी घडणारं स्थलांतर' हे उत्तर शोधा. सरकणाऱ्या गटाची त्रिमितीय रचना जशीच्या तशी राहते, हा मुद्दाही जोडीला लिहा. आणि क्लासमध्ये ही गोष्ट जरूर काढा.

---

विश्रामबाग_७ | रविवार, दुपारी १२:०५

दारं धरायचं उदाहरण एकदम पटलं. आमचं रान कवठेपिरानला आहे. मग फेनिल नायट्रीनचं काय? त्याला सापळ्यात कुणी धरलं?

---

विट्याचा_पोरगा | रविवार, दुपारी ३:४०

कालचं अर्धं राहिलेलं याच्याशीच जोडलेलं आहे.

१९१२ मध्ये वोल्फनं फेनिल अझाइड अॅनिलीनमध्ये तापवलं आणि काहीतरी वेगळंच संयुग मिळालं. त्याची नीट रचना १९५८ मध्ये हुइस्गेननं सांगितली: सात अणूंचं कडं, अझेपीन. सहाचे सात झाले. नायट्रोजन बेंझिनच्या कड्यातच शिरला. १९६६ मध्ये डोअरिंग आणि ओडम यांनी डायइथिल अमाइनमध्ये तेच प्रकाशानं केलं आणि चांगल्या प्रमाणात अझेपीन मिळवलं.

पण सापळ्यात नायट्रीन अडकलं नव्हतं, ते ज्यात बदललं ते अडकलं होतं. सिंगलेट फेनिल नायट्रीन आधी वाकून तीन अणूंचा अझिरीन तुकडा असलेल्या रूपात जातं, तिथून उघडून सात अणूंचं ताणलेलं किटेनिमीन होतं, आणि अमाइन त्याच्यावर बसतं. १८९५ चा तो पट्टा याच किटेनिमीनचा. म्हणजे अनेक वर्षं लोक ज्याला नायट्रीनची खूण समजत होते, ती त्याच्या वारसाची होती.

तापमान खाली नेलं की चित्र पालटतं. साधारण उणे ११० अंशांच्या खाली कडं फुगवायची वाट मंद होते, सिंगलेटला ट्रिपलेटमध्ये जायला सवड मिळते, आणि अझेपीनच्या जागी अझोबेंझिन मिळू लागतं. त्याच बाटलीत, तोच दिवा, फक्त थंडी वेगळी.

शेवटची गाठ १९९७ मध्ये सुटली. प्लाट्झ यांच्या गटानं आणि वेगळ्यानं विर्झ यांच्या गटानं लेसरच्या छोट्या स्पंदानं फेनिल अझाइड फोडलं आणि ३५० नॅनोमीटरच्या आसपास सिंगलेटचं शोषण उगवताना आणि मावळताना थेट नोंदवलं. या पद्धतीचा पाया नॉरिश आणि पोर्टर यांनी १९४९ च्या सुमाराला घातला, त्याबद्दल त्यांना आयगनबरोबर १९६७ चं नोबेल मिळालं. तेव्हा मिलिसेकंद नि मायक्रोसेकंद दिसायचे. नॅनोसेकंदासाठी लेसर यावा लागला.

---

नेट_सेट_२ | रविवार, संध्याकाळी ६:२०

सर, मॅडम, मनापासून आभार. आता विचारतोच. कॉलेजच्या लॅबमध्ये फेनिल अझाइडवर उन्हात काही करून बघता येईल का? ऊन तर आपल्याकडे भरपूर.

---

कुपवाडकर | रविवार, संध्याकाळी ७:०२

नको. हे मी काळजीनं सांगतोय.

अझाइडचा एक मोल फुटला की खोलीच्या तापमानाला सुमारे २४ लिटर नायट्रोजन सुटतो. फेनिल अझाइडचा मोल म्हणजे ११९ ग्रॅम. दोन मुठींत मावेल एवढ्यातून बादलीभराहून जास्त वायू, आणि तो एका क्षणात सुटला तर स्फोट. लहान रेणूंची अझाइडं जास्त धोक्याची. कारखान्यात आम्ही ढोबळ नियम पाळतो: कार्बन आणि ऑक्सिजन मिळून जेवढे अणू, ते नायट्रोजनच्या अणूंच्या निदान तिप्पट असावेत. फेनिल अझाइडमध्ये सहाला तीन, म्हणजे दुप्पटच. नियमात बसत नाही.

सोडियम अझाइडवर आम्ल पडलं तर हायड्रझोइक आम्ल होतं. विषारी, उडून जाणारं आणि स्फोटक. डायक्लोरोमिथेन अझाइडबरोबर कधीच वापरायचं नाही, धातूचा चमचा लावायचा नाही. मी आधी ज्या कारखान्यात होतो तिथे धुण्याच्या टाकीत आम्लाचं पाणी जास्त गेलं आणि झाकणाखाली दाब चढला. पाळीतल्या एका हेल्परनं वासावरून ओळखून सगळ्यांना बाहेर काढलं. तो नसता तर आज मी हे लिहीत नसतो. त्या दिवसापासून नवीन मुलाला अझाइडच्या खोलीत पाठवायच्या आधी मी स्वतः त्याच्याबरोबर जातो.

मिरजेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारे कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठीही. बऱ्याच रिएजंटमध्ये टिकाऊपणासाठी ०.१ टक्क्याहून कमी सोडियम अझाइड असतं. ते बेसिनमध्ये ओतत राहिलं आणि पाइप तांब्याचा किंवा शिशाचा असला, तर आत त्या धातूचं अझाइड साठतं आणि ते धक्क्यानं फुटू शकतं. ओतायचंच असेल तर भरपूर पाणी सोडा, नाहीतर वेगळं गोळा करा.

---

सातारी_आकाश | रविवार, रात्री ८:१५

रसायनवाल्यांच्या गप्पांत एका दुर्बीणवाल्याला जागा द्या. साताऱ्याहून कास किंवा बामणोलीकडे अंधार शोधत जाणारे आम्ही काही जण आहोत.

मॅडमनी एनएच लिहिलं तेव्हा दचकलो, कारण तो आमचा ओळखीचा. धूमकेतूच्या वर्णपटात ३३६ नॅनोमीटरला एनएचचा पट्टा असतो. धूमकेतूच्या बर्फातला अमोनिया सूर्याच्या प्रकाशानं फुटतो, एकेक हायड्रोजन गमावतो, शेवटी एनएच उरतो. तिथे इतकी विरळ जागा की तो कुणाला भेटतच नाही, आणि मग चांगला टिकतो. १९९१ मध्ये तो ताऱ्यांमधल्या विरळ ढगांतही सापडला. डोळ्याला तो रंग दिसत नाही, अतिनील आहे, पण वातावरणातून खाली येतो आणि योग्य उपकरणाला सापडतो.

---

कृष्णाकाठची | रविवार, रात्री ९:३०

सातारी_आकाश, हे मला आधी सुचायला हवं होतं. अरगॉनच्या बर्फात जे आपण मुद्दाम करतो, ते धूमकेतूभोवती आपसूक होतं: शेजारी नाही, म्हणून आयुष्य. 'अल्पजीवी' हा शब्द मी आता वर्गात जपून वापरणार आहे. नायट्रीन स्वतःहून लगेच मोडतं असं नेहमी नसतं. फेनिल नायट्रीनचं सिंगलेट आपलं आपणच वळतं, पण एनएचला जोडीदार मिळाला नाही तर तो थांबतो.

उपयोगाचंही थोडं. सुरुवातीच्या इंटिग्रेटेड सर्किटवर नक्षी उमटवायला जे प्रकाशसंवेदी लेप वापरत, त्यातला एक गाजलेला प्रकार रबर आणि दोन टोकांना अझाइड असलेला रेणू यांचा होता. प्रकाश पडेल तिथे नायट्रीन होऊन रबराच्या साखळ्या जोडल्या जात, बाकीचं धुऊन जाई. १९६९ मध्ये फ्लीट, पोर्टर आणि नोल्स यांनी अरिल अझाइड प्रतिपिंडाच्या खाचेत बसवून प्रकाश टाकला, म्हणजे नायट्रीन जिथे जन्मलं तिथेच चिकटलं आणि खाच कुठे आहे ते कळलं. साधं फेनिल या कामाला फारसं चांगलं नाही, कारण ते चिकटायच्या आधी सात अणूंचं कडं होतं. कड्यावर फ्लोरिन लावले की ती वाट मंदावते, म्हणून लोक फ्लोरिनवाली अझाइडं वापरतात.

धातूच्या आधारानं बांधलेली नायट्रीनं हा वेगळा मोठा विषय आहे. ऱ्होडियम वापरून कार्बन-हायड्रोजन बंधात नायट्रोजन बसवायचं काम द्यु ब्वा यांनी २००१ पासून पुढे नेलं, आणि फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटानं तेच काम बदललेल्या एन्झाइमकडून करून घेतलं. त्यावर वेगळा धागा काढू.

---

विट्याचा_पोरगा | रविवार, रात्री ११:२०

बाटलीत भरण्याबद्दल एक राहिलं. २०१२ मध्ये बर्ट्रां यांच्या गटानं फॉस्फरसला जोडलेलं सिंगलेट नायट्रीन खोलीच्या तापमानाला टिकवून दाखवलं. फॉस्फरस त्याला इलेक्ट्रॉन पुरवतो, म्हणून त्याची भूक बरीच भागलेली असते. २०२४ मध्ये अवाढव्य गटांचं कुंपण भोवती घालून ट्रिपलेट अरिल नायट्रीनचे स्फटिक मिळवले गेले आणि क्ष-किरणांनी त्याची रचना बघितली गेली. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीचा 'बाटलीत मिळत नाही' हा मुद्दा आता पूर्ण खरा राहिलेला नाही.

---

मणेराजुरी_०४ | सोमवार, सकाळी ७:१०

नमस्कार. ती विद्यार्थिनी मीच. मॅडमनी रात्री धागा पाठवला, बेदाण्याच्या शेडवर बसून दोनदा वाचला. सगळ्यांचे खूप आभार. कुपवाडकर काका, तुमच्या पोस्टचा फोटो काढून लॅबच्या ग्रुपवर टाकला आहे.

पिव्हॅलॉइलचं पटलं. पण मॅडम, तुम्ही सिंगलेट एका झटक्यात आणि ट्रिपलेट दोन हप्त्यांत असं लिहिलंत आणि 'पुरावा म्हणून लागेल' म्हणालात. तो पुरावा आलाच नाही.

---

कृष्णाकाठची | सोमवार, सकाळी ७:४५

बरोबर पकडलंस. तेही ल्वोव्हस्कींच्याच गटाचं काम आहे. इथॉक्सिकार्बोनिल नायट्रीन आणि चार-मिथिल-दोन-पेंटीन. अल्कीन, म्हणजे दुहेरी बंधाचा रेणू, सिस (दोन्ही गट एकाच बाजूला; ट्रान्समध्ये ते उलट बाजूंना) घेतलं तर एका झटक्यातल्या सिंगलेटकडून सिस अझिरिडीनच मिळायला हवं. ट्रिपलेट पहिला बंध करून थांबतो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूचा बंध फिरतो, म्हणून सिस आणि ट्रान्स दोन्ही मिळतात. त्यांनी अल्कीन पातळ करत नेलं. जसजसं पातळ, तसतसं सिंगलेटला जोडीदार मिळायला वेळ लागतो, तो ट्रिपलेट होत जातो, आणि मिश्रण वाढत जातं. त्या वाढीवरून सिंगलेट किती वेगानं ट्रिपलेट होतो याचा हिशेब निघतो.

म्हणजे न दिसणाऱ्या रेणूच्या दोन्ही रूपांचा माग फक्त बाटलीतल्या सिस-ट्रान्सच्या प्रमाणावरून लागला. बुधवारी तासाला आलेख कागद घेऊन ये. अल्कीनची संहती आडव्या अक्षावर, ट्रान्सचा वाटा उभ्या अक्षावर. संहती शून्याकडे गेली की रेषा कुठे जाईल, ते आधी तू तुझ्या मनानं काढून आण. मग बोलू.

---

मणेराजुरी_०४ | सोमवार, सकाळी ७:५२

आणते मॅडम. संहती खूप वाढवली की ट्रान्स शून्याकडे जाईल, एवढं आत्ताच वाटतंय. दुसऱ्या टोकाचा विचार एसटीत करते.